सात पूर्वज आणि एक घोरणारे

आर्काडी : केबल बघितली?

सून : बघितली. दोनदा काढून घातली, तिसऱ्यांदा फुंकर मारून घातली. आर्काडी भाऊ, केबलला धाड भरलेली नाही.

आर्काडी : मग घड्याळ. सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे असलं तरी माहिती अडते.

सून : सेकंदाला सेकंद जुळतंय, राजधानीतल्या तुमच्या बिश्केकच्या मदत केंद्राशी. आठही सर्व्हर जिवंत आहेत, हाक मारली की ओ देतात. पण स्क्रीनवर आकडा म्हणून नाही. किती तापलेत, डिस्क किती भरली, काही म्हणजे काही नाही. आठ रिकामे चौकोन! आणि पाहुणे येऊन बसलेसुद्धा.

आर्काडी : कुठले पाहुणे?

सून : जिल्हा इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरबाई. रुग्णांच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर ठेवायच्या की नाही, ते आज ठरणार आहे. शेजारच्या खोलीत चहा चाललाय. चहा झाला की सासरे त्यांना इथे आणणार आणि ही स्क्रीन दाखवणार. स्क्रीन अशीच रिकामी असली, तर सोमवारपासून या खुर्चीत तुमच्याकडचा कोणी माणूस आणि मी जन्मभर चहाच्या समोवारापाशी. तसं सांगूनच ठेवलंय सासऱ्यांनी.

आर्काडी : कंपनी सासऱ्यांची का?

सून : त्यांचीच. इथल्या तलास खोऱ्यातल्या अकरा गावांना इंटरनेट आम्ही देतो. लग्नाला पाच महिने झाले, सर्व्हरवर नजर ठेवायची ही व्यवस्था मी बसवून तीन आठवडे. तीन आठवडे रिकामे चौकोन बघतेय मी!

आर्काडी : ताई, रडू नका.

सून : रडत नाहीये, हसतेय. घाबरले की मला हसू येतं. लग्नातसुद्धा आलं होतं.

आर्काडी : बरं, हसत हसत लॉग उघडा. मुख्य सर्व्हरचा. शेवटची ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखवा.

सून : ‘माहिती नाकारली. कारण... नावाचा सर्व्हर नोंदवहीत सापडला नाही.’

आर्काडी : मधेच आवाज गेला तुमचा.

सून : आवाज गेला नाही. मी गप्प बसले.

आर्काडी : तिथे सर्व्हरचं नाव असेल ना?

सून : आहे की.

आर्काडी : मग वाचा.

सून : नाही वाचता येत.

आर्काडी : लिपी बिघडलीय का? चौकोन-प्रश्नचिन्हं दिसतायत?

सून : स्वच्छ दिसतंय. ते माझ्या आजेसासऱ्यांचं नाव आहे. म्हणजे नवऱ्याच्या आजोबांचं.

आर्काडी : सर्व्हरला?

सून : आठांपैकी सात सर्व्हरना सात पूर्वजांची नावं दिलीत सासऱ्यांनी. आपल्या सात पिढ्या ज्याला पाठ नाहीत तो कसला माणूस, असं म्हणतात ते. आठवा नवीन आहे, तो इस्पितळासाठी घेतलाय. त्याला माझ्या नवऱ्याने खुद्द सासऱ्यांचं नाव दिलं, प्रेमाने. आणि आमच्यात सुनेने सासरच्या थोरल्या पुरुषांची नावं घ्यायची नसतात. तुम्ही बिश्केकचे ना? माहीत नाही तुम्हाला?

आर्काडी : ऐकून आहे. आम्ही पडलो कोरियन. आमच्यात थोरांसमोर पेला तोंडाला लावताना मान वळवतात. पण सर्व्हरसमोर नाही हो वळवत! थांबा, थांबा. मग तुमच्या नोंदवहीत तुम्ही काय लिहिलंय?

सून : ‘आदरणीय दाढीवाले.’

आर्काडी : ...आणि बाकीचे?

सून : ‘आदरणीय उंच’, ‘आदरणीय त्याहून उंच’. काय हो, तुम्ही हसताय?

आर्काडी : मी नाही हसत. शेजारच्या टेबलावरची माणसं हसतायत. ताई, अकरा वर्षं मी हे काम करतोय. उंदरांनी खाल्लेल्या केबली बघितल्या, गरम लागतो म्हणून सर्व्हरवर विरजायला ठेवलेलं दही बघितलं. पण ‘आदरणीय त्याहून उंच’ आज पहिल्यांदा! आता नीट ऐका. तुम्ही सर्व्हरला हाक मारता ती पत्त्याने, त्याच्या आकडी पत्त्याने. म्हणून तो ओ देतो. पण आकडे तो स्वतःहून पाठवतो आणि पाकिटावर स्वतःचं नाव टाकतो. इकडे पाकीट उघडणारा नोंदवही बघतो. त्यात ते नाव नाही, तिथे बसलेत दाढीवाले. मग तो पाकीट केरात टाकतो. तीन आठवडे तुमच्या आजेसासऱ्यांची पत्रं केरात चाललीत.

सून : अगं बाई!

आर्काडी : म्हणून नोंदवहीत खरी नावं टाईप करा. दोन मिनिटांचं काम.

सून : टाईप कशी करू?

आर्काडी : बोटांनी. बोटांना जीभ नसते.

सून : लिहिलेलंसुद्धा चालत नाही. तुम्ही करा ना तिकडून.

आर्काडी : ग्राहकाच्या सर्व्हरला हात लावायची मला परवानगी नाही. फोनवर बोलायचा पगार आहे मला. नवऱ्याला बोलवा. त्याचे तर सख्खे पूर्वज.

सून : ते डोंगरावर मनोऱ्यावर चढलेत, अँटेना दुरुस्त करायला. फोन लागत नाही. लागावा म्हणूनच तर चढलेत!

सासू : अगं, इथे काय खिदळतेस? डॉक्टरबाईंचा पेला रिकामा आणि समोवारापाशी सून नाही! शेजारणीला बसवून आलेय मी. आणि हा पुरुषाचा आवाज कुठून येतोय?

सून : आई, हे मदत केंद्राचे आर्काडी भाऊ. फोनवर आहेत, स्पीकरवर.

आर्काडी : नमस्कार, आई.

सासू : जगत राहा, पोरा. जेवलास का? चल गं तू.

सून : आई, मी आत्ता उठले ना, तर सोमवारी ही खुर्ची दुसऱ्याची. बाबांनी बिश्केकच्या माणसाला यायला सांगून ठेवलंय. नजर ठेवायची ही व्यवस्था आज चालली नाही, तर मी घरी.

सासू : घरी म्हणजे? माझ्या स्वयंपाकघरात? दिवसभर?

सून : हो.

सासू : तू परवा पुलावात दोनदा मीठ घातलंस. ते काही नाही. काय बिघडलंय?

आर्काडी : काही बिघडलेलं नाही, आई. फक्त तुमच्या सासऱ्यांचं नाव कुणीतरी लिहायला हवं आणि ही लिहीत नाही.

सासू : बरोबर आहे तिचं. मीही नाही लिहिणार.

आर्काडी : झालं! एक होती, आता दोन झाल्या.

सासू : तोंड सांभाळ. मलाही खुर्ची होती, पोरा. सरकारी शेतीच्या टेलिफोन केंद्रात. वीस भोकं, वीस तारा, कुणाची तार कुठे खोचायची ते डोळे मिटून सांगायचे. मग लग्न झालं. आणि दिवसभर सगळ्यांना फोन कुणाला जोडून हवा? माझ्या सासऱ्यांना. गुरांच्या विभागाचे मुख्य ना ते! जोडण्याआधी नाव उलट बोलून खात्री करायची, असा नियम होता. मी विचारायचे, ‘तेच ना... ते... ज्यांचा घोडा पांढरा?’ तीन गावांत पांढऱ्या घोड्याचे चौघं होते. एकदा गाय अडली म्हणून पशुवैद्याने त्यांना फोन केला, मी जोडला न्हाव्याला, घोडा त्याचाही पांढरा.

आर्काडी : मग?

सासू : मग न्हावी गेला की गाय सोडवायला! सोडवलीसुद्धा. पण माझी खुर्ची तीन महिन्यांत गेली.

सून : आई, तुम्ही कधी बोलला नाहीत.

सासू : कुणी विचारलं नाही. आता सरक, मला बसू दे. पोरा, नावाला हात न लावता हे करायची दुसरी वाट सांग. असणारच. आमच्या केंद्रात सुद्धा दर तारेला दुसरी वाट असायची.

आर्काडी : दुसरी वाट... आहे. उलटी वाट आहे! नोंदवही बदलायची नाही, सर्व्हरचीच समजूत घालायची. प्रत्येक सर्व्हरमध्ये एक फाईल असते, त्यात एक ओळ असते, ‘माझं नाव अमुक’. ती खोडून तिथे दाढीवाले लिहायचं. मग पाकिटावर दाढीवाले, वहीत दाढीवाले. आकडे आत.

सासू : खोडायचं? आमच्या थोरांची नावं खोडायची? जीभ झडेल तुझी!

आर्काडी : बरं, खोडू नका. ओळीच्या आधी ती जाळीसारखी खूण असते ना, दोन उभ्या दोन आडव्या रेघा, ती टाका. मग सर्व्हर ती ओळ वाचतच नाही. नाव जिथल्या तिथे राहतं, फक्त झाकलेलं.

सासू : डोक्यावर रुमाल घेतल्यासारखं.

आर्काडी : अं... हो. तसंच म्हणा.

सासू : मग चालेल. रुमालाला कोण नाही म्हणेल? घे गं, उघड पहिली पेटी.

सून : उघडली. खूण टाकली. आता खालच्या ओळीत लिहिते, ‘आदरणीय दाढीवाले’.

सासू : कोण दाढीवाले?

सून : तुमचे सासरे, आई.

सासू : त्यांना कुठली दाढी? चार केस होते, तेही वाऱ्याला घाबरून बसलेले. हे काय लिहून ठेवलंस? घरात सुनांनी ठेवलेली नावं आहेत की. मला माझ्या सासूने दिली, तिला तिच्या सासूने. तुला मी देणारच होते, म्हटलं आधी नीट मीठ घालायला शिकू दे. लिही, ‘बोट चाटणारे’.

सून : आई!

सासू : साय दिसली की बोट. पाहुण्यांच्या वाडग्यातली असली तरी बोट. लिही.

आर्काडी : वहीतसुद्धा तेच लिहा, ताई. दोन्हीकडे हुबेहूब, एक टिंबसुद्धा इकडचं तिकडे नको.

सून : लिहिलं. दुसरी पेटी.

सासू : ते ‘घोडा विकून रडलेले’. सकाळी विकला, दुपारी रडले, संध्याकाळी दुप्पट देऊन परत आणला. तिसरे ‘दोन चुलींचे’.

आर्काडी : दोन बायका?

सासू : दोन बायका आणि दोन्हीकडे उपाशी. प्रत्येकीला वाटायचं, दुसरीकडे जेवून आलेत. चौथे ‘टोपी हरवलेले’. पाचवे ‘शेळीला भिणारे’.

आर्काडी : शेळीला?

सासू : लांडगा मारलेला माणूस तो! पण शेळी दिसली की घोड्यावर चढून बसायचा. सहावे ‘उद्या निघणारे’. सातव्यांचं मात्र माझ्या सासूलाही ठाऊक नव्हतं. ते नुसते ‘लांबचे’.

आर्काडी : आई, मी इथे जेवणाची सुट्टी सोडून बसलोय. टेबलाभोवती सहाजण उभे आहेत. एकाने विचारलंय, शेळीने काय केलं होतं त्यांना?

सासू : ते पुरुषांना विचार. नाही, त्यांना नको विचारू, त्यांना नुसती सात नावं पाठ. गडगड म्हणतील आणि छाती काढून बसतील. माणसं आम्हाला माहीत.

सून : सात झाले, आई. राहिली आठवी पेटी. बाबांची.

सासू : हं.

सून : तुम्ही काय म्हणता त्यांना? मनात?

सासू : मनातलं तुला कशाला सांगू? समोर म्हणते ‘अहो’. मागे म्हणते ‘ते’.

आर्काडी : ‘ते’ चालेल.

सासू : ‘ते’ कुणीही असेल. अडतीस वर्षं एका छपराखाली काढलीत मी. लिही, ‘घोरणारे’.

सून : आई, हसवू नका, बोटं घसरतायत. घो... र... णा... रे. लिहिलं. वहीत पण लिहिलं.

आर्काडी : आता प्रत्येक सर्व्हरवरचा माहिती पाठवणारा प्रोग्रॅम एकदा बंद करून चालू करा. सगळ्यांवर. मग एक मिनिट थांबा.

सून : केला. काहीच नाही.

आर्काडी : एक मिनिट म्हटलं ना.

सासू : आमच्याकडे तार खोचली की लगेच लागायचा.

आर्काडी : न्हाव्याला.

सून : आले! आले! बोट चाटणारे आले! बेचाळीस अंश, डिस्क निम्मी भरलेली! घोडा विकून रडलेले आले! दोन चुलींचे... शेळीला भिणारे... अगं बाई, उद्या निघणारेसुद्धा निघाले!

आर्काडी : इकडे टाळ्या पडतायत, ताई!

सासू : कसले गं हे सगळे हिरवे हिरवे?

सून : हिरवं म्हणजे बरं, आई. मला नाचावंसं वाटतंय. लांबचे पण आले! आणि... नाही. भाऊ, एक लाल आहे. घोरणारे तापलेत. ब्याऐंशी अंश.

आर्काडी : ब्याऐंशी? तो नवीन सर्व्हर ना? इस्पितळाचा?

सून : तोच. त्र्याऐंशी झाले!

आर्काडी : पंखा फिरतोय का बघा. वाऱ्याच्या जाळीवर काही आलंय का? धूळ, कागद, काही?

सून : जाळी दिसतच नाहीये. त्याच्यावर पांघरूण आहे.

आर्काडी : काय आहे?

सून : नमद्याचं पांघरूण. चौफेर भरतकाम, मध्ये मेंढ्याच्या शिंगांची नक्षी. आई, हे तुम्ही घातलंत?

सासू : मग? घरधन्याचं नाव दिलेली वस्तू उघडीबोडकी ठेवायची? चार महिने भरलंय ते. अस्सल लोकर आहे, बर्फात झोपलास तरी घाम येईल.

आर्काडी : आलाच आहे, आई, त्यांना घाम आलाच आहे! काढा, आधी काढा ते! संध्याकाळपर्यंत जळला असता. आणि इस्पितळाच्या नोंदी त्यात असत्या तर...

सून : काढलं. ऐंशी. चौऱ्याहत्तर. आई, बघा, उतरतोय. सदुसष्ट. एकोणसाठ. हिरवा!

सासू : तुला इथे बसून कळलं ते? त्याला ताप आहे म्हणून?

सून : त्यासाठीच तर बसते इथे.

सासू : आणि त्या बिश्केकच्या मुलखातून माणूस आणणार होते सोमवारी.

आर्काडी : आई, मी त्या मुलखातलाच आहे.

सासू : तू चांगला आहेस. तू फोनवरच राहा.

आर्काडी : ताई, आता एक विचारू? ही स्क्रीन पाहुण्यांना दाखवायची आहे ना?

सून : हो.

आर्काडी : हीच? ‘घोरणारे’ लिहिलेली?

सून : ...आई.

सासू : हे बाहेर दिसतं? मला वाटलं, ही तुझी वही आहे!

सून : भिंतीवर एवढा मोठा पडदा आहे, आई, तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसलात. भाऊ, परत बदलायला किती वेळ लागेल?

आर्काडी : आठ फायली, वहीतल्या आठ नोंदी, शिवाय...

सासू : गप्प बसा दोघं. पावलं वाजली.

सासरा : या, डॉक्टरबाई, या. उंबरा जपून. हेच आमचं सर्व्हरघर. हे आठ सर्व्हर आणि भिंतीवर त्यांची खबरबात मिनिटामिनिटाला. पाहिलंत? सगळं हिरवं! वाचतो मी, चष्मा घालतो. पहिला, माझे वडील... ‘बोट चाटणारे, ठीक’.

सून : बाबा, त्याचं असं झालं...

सासरा : ‘घोडा विकून रडलेले, ठीक.’ ‘शेळीला भिणारे, ठीक.’ सूनबाई! माझ्या सात पिढ्यांची नावं कुठे गेली?

सून : जागच्या जागी आहेत. एकही अक्षर पुसलेलं नाही. झाकलीत फक्त. त्यांच्या नावाने माहिती यायची, आणि माझ्या वहीत मी ती नावं लिहू शकत नव्हते, म्हणून तीन आठवडे स्क्रीन रिकामी होती. आता बघा, येतेय. इस्पितळाचा सर्व्हर आत्ता जळता जळता वाचला, तो ह्या स्क्रीनमुळेच कळला.

सासरा : ते राहू दे. डॉक्टरबाई, तुम्ही हसू नका, ही थट्टा नाही. आणि हे शेवटचं कोण? ‘घोरणारे, ठीक’? हे घोरणारे कोण?

सासू : सादिरकुल.

[आठ सर्व्हरांचे पंखे तेवढे फिरत राहतात.]

आर्काडी : ताई... मी श्वास घेऊ का?

सासरा : काय म्हणालीस तू?

सासू : तुम्ही विचारलंत कोण, मी सांगितलं. सादिरकुल. अडतीस वर्षांत पहिल्यांदा तुमचं नाव घेतलं, छप्पर काही पडलं नाही.

सासरा : पाहुण्यांसमोर?

सासू : पाहुण्याच विचारतायत केव्हापासून, तुमचं लक्ष कुठे आहे? हे सगळं कोण बघतं, म्हणतायत. सांगा त्यांना.

सासरा : सून बघते आमची.

सासू : सुना गावात घरोघरी आहेत. उद्या इस्पितळातून फोन आला तर कुणाला बोलवायचं त्यांनी?

सासरा : ...सूनबाई, आत्ता किती आहे गं माझं? तापमान?

सून : त्रेपन्न, बाबा. उतरतंय अजून.

सासरा : हं. सोमवारच्या त्या माणसाला नको म्हणून कळवतो. लिहून घ्या, डॉक्टरबाई. नोंदींचं कधी काही अडलं, तर इथे फोन लावा आणि हिचं नाव घेऊन म्हणा, बेरमेतला द्या.